अंबिलीचा वाडगा कुठला?

चांदीच्या भांड्यावर छाप नसली की लोक दोनच निष्कर्ष काढतात. एक तर ते खोटं असतं, नाहीतर राजवाड्यातलं असतं. आमच्या घरच्या वाडग्याबद्दल दोन्ही मतं होती आणि दोन्ही एकाच ओसरीवर बसून मांडली जात.

मोठ्या काकाजींचं म्हणणं, वाडगा अडगावच्या लढाईतला. 29 नोव्हेंबर 1803 ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, छावणी उधळली, आणि पळापळीत कोणा पूर्वजाच्या हाती हा वाडगा लागला. धाकटे काकाजी एवढंच म्हणायचे, "कायची चांदी बाप्पा! जर्मन सिल्व्हर हाये. वरून पाणी चढवलेलं." आजेसासूबाई होत्या तोवर या वादाला काही अर्थ नव्हता. वाडगा त्यांचा, महालक्ष्म्यांना त्यात ज्वारीची अंबील वाढायची, बाकी वर्षभर तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत. त्या गेल्यावर वाटणीचं बोलणं निघालं, आणि ही नेमकी काय वस्तू आहे ते ठरवायची वेळ आली. काम माझ्याकडे आलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेली, आणि दरवर्षी वाडगा घासणारीही मीच.

आधी वाडगा कसा आहे ते सांगते. तोंड लहान, पोट मोठं, कड आत वळलेली. खाली बैठक नाही, बूड गोलसर, त्यामुळे ठेवला की थोडा डुलतो. बाहेरून पाच कमानी, प्रत्येक कमानीत माणसं. कोणी हत्तीवर, कोणी धनुष्य ताणून उभा, एका कमानीत हरिण. खालच्या अंगाला उभ्या पानांची ओळ. आतून बोट फिरवलं तर प्रत्येक आकृतीचा खळगा लागतो. म्हणजे एकाच पत्र्यातून ठोकून उठाव काढलेला आहे, आतून अस्तर नाही.

घरात सगळ्यांना सुचणाऱ्या परीक्षा आधी झाल्या. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. त्यानं काही सिद्ध होत नाही. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच चिकटत नाही. धाकट्या जावेनं मोबाइलवर पाहून बर्फाचा खडा ठेवला. तो झरझर वितळला, कारण चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. पण तांबं तिच्या अगदी मागोमाग आहे, आणि बर्फ वितळताना दोघांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. या दोन्ही परीक्षांवर इंटरनेटवर लोक भांडी विकतात आणि घेतात, याचं मला अजून नवल वाटतं.

खरी खूण मिळाली ती माणसांच्या नाकांवर. मुलाच्या दप्तरातलं भिंग घेऊन अंगणात उन्हात बसले. दरवर्षीच्या घासण्यानं सगळ्यात जास्त झिजतात ते उंचवटे. नाक, गुडघा, हत्तीचं गंडस्थळ. मुलामा असता तर नेमक्या त्याच जागी तो निघून खालचा पिवळट किंवा तांबूस धातू उघडा पडला असता. इथं नाकं पार सपाट झाली होती, दोन चेहऱ्यांना तर डोळेही उरले नव्हते, पण रंग सगळीकडे तोच पांढरा. खोलगट भागात काळं साचलेलं, तो चांदीवर गंधकाचा परिणाम. एवढ्यावरून माझा कौल चांदीकडे झुकला. पण धाकट्या काकाजींना झुकलेला कौल चालणार नव्हता, आकडा हवा होता.

तो आकडा स्वयंपाकघरात काढता येतो. शुद्ध चांदीची घनता 10.49, तांब्याची 8.96, जर्मन सिल्व्हरची 8.7 च्या आसपास. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल, बस. घनता काढायला वजन आणि आकारमान लागतं. वजन काट्यावर मिळालं, 346 ग्रॅम. आकारमानासाठी आमच्या कृषी सेवा केंद्रातला, दहा किलोपर्यंत तोलणारा आणि एकेक ग्रॅम दाखवणारा काटा आणला. त्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा. मग वाडगा दोरीनं टांगून पाण्यात सोडायचा, पूर्ण बुडवायचा, पण बुडाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या धातूचं आकारमान. वजन भागिले हा आकडा, झाली घनता.

सांगायला सोपं आहे, पण हवा दगा देते. आत वळलेल्या कडेखाली बुडबुडे अडकतात, खळग्यांमध्ये बारीक फुगे चिकटून राहतात, आणि तेवढं आकारमान फुकट वाढतं. चांगली चांदीसुद्धा मग तांब्याच्या घरात जाऊन बसते. म्हणून पाणी उकळून गार केलेलं घेतलं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला, वाडगा तिरपा करून हळूहळू आत नेला आणि पाण्यातच बोटानं सगळे खळगे पुसले. नवऱ्यानं दोरी काठीला बांधून काठी दोन खुर्च्यांवर ठेवली, कारण हात थरथरला की आकडाही थरथरतो. काटा 33 आणि 34 च्या मध्ये घुटमळत राहिला. 346 ला 34 नं भागलं तर 10.2, 33 नं भागलं तर जवळजवळ 10.5. जर्मन सिल्व्हर असता तर काट्यानं 40 दाखवायला हवे होते. सहा-सात ग्रॅमचा फरक या काट्यावर लपत नाही. धाकट्या काकाजींनी स्वतः दोरी धरून पाहिलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडचा "हं" म्हणजे फार झालं.

वजनातही एक गोष्ट दडली होती, ती तालुक्याच्या सोनारानं काढली. वाडगा काट्यावर ठेवून त्यानं ग्रॅमचा आकडा पाहिला आणि लगेच म्हणाला, "तीस तोळ्याचा हाये हा, मूळचा." जुना तोळा म्हणजे 180 ग्रेन, 11.66 ग्रॅम. आणि तेवढ्याच वजनाचा इंग्रजांचा चांदीचा रुपया. तीस रुपये म्हणजे 350 ग्रॅमला किंचित कमी. आमचा वाडगा त्याहून चारेक ग्रॅमनं हलका. वितळवताना आणि घडवताना थोडी घट जाते, उरलेली शंभर वर्षांच्या रांगोळीनं आणि चिंचेनं नेली असणार. पूर्वी गिऱ्हाईक सोनारापुढे रुपये मोजून ठेवायचं आणि सांगायचं, याचं भांडं कर. राणीछाप रुपये वितळायचे, वजनही त्याच रुपयांनी व्हायचं.

त्यानं तेजाबाची परीक्षाही केली. बुडाशी, नक्षी नाही अशा जागी, कानशीनं राईएवढी जागा खरवडली आणि त्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडला. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असतं तर हिरवा फेस आला असता. इथं थेंब करडा-दुधाळ झाला. मग काडीनं तो थेंब उचलून त्यानं मिठाच्या पाण्याच्या वाटीत बुडवला, आणि पाण्यात नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या धरल्या. ते सिल्व्हर क्लोराइड. वाटी आम्ही ओट्यावर उन्हात ठेवली. चहा होईस्तोवर गुठळ्यांवर जांभळट-करडी छटा चढली. कॉलेजात हे मी परीक्षानळीत पाहिलं होतं, पण सोनाराच्या ओट्यावर पाहताना जास्त पटलं.

चांदी आहे हे ठरलं. किती टंच, म्हणजे शंभरात चांदी किती, हे मशीनवर कळणार होतं, म्हणून खामगावला गेलो. जळगाव जामोदहून नांदुऱ्यावरून रस्ता आहे. आमच्या भागात चांदी म्हटलं की खामगावच. रजतनगरी हे नाव उगाच पडलेलं नाही. तिथं एका पेढीवर क्ष-किरणांचं मशीन होतं. वाडगा आत ठेवला, झाकण लावलं, मिनिटभरात पडद्यावर आकडे. पोटाच्या भागावर 95 च्या वर टंच. मी म्हटलं, खरवडलेल्या जागी घ्या. तिथं 91 च्या पुढे काही दशांश, बाकी बहुतेक तांबं, थोडं शिसं, आणि सोन्याचा किंचित अंश.

एकाच भांड्याचे दोन टंच पाहून पेढीवरचा पोरगा मशीन पुन्हा जुळवायला लागला. पण मशीनचा दोष नव्हता. किरण वरच्यावरच वाचतात, आणि जुन्या चांदीचं वरचं अंग आतल्यापेक्षा शुद्ध असतं. कारागीर भांडं तापवून आंबट पाण्यात उजळतो, त्यात वरवरचं तांबं निघून जातं. मग पिढ्यान्‌पिढ्या चिंच लागते, आणखी जातं. म्हणून जुन्या भांड्याचा टंच घ्यायचा तर खरवडलेल्या जागेवरच घ्यावा. मुलामा दिलेल्या भांड्याच्या बाबतीत तर हे मशीन सरळ फसवतं, कारण मुलाम्यालाच ते भांडं समजतं. घरचं पातेलं आणि दोरी तिथं मशीनपेक्षा भरवशाची, कारण पाण्यात आख्खं भांडं मोजलं जातं.

91 च्या पुढचा तो आकडा मला घरी आल्यावर जास्त महत्त्वाचा वाटायला लागला. 1835 पासून कंपनी सरकारनं जो एकसारखा रुपया पाडला तो बारापैकी अकरा भाग चांदीचा होता, म्हणजे 91.7 टक्के. राणीच्या, एडवर्डच्या, जॉर्जच्या रुपयात तोच कस चालू राहिला, तो 1940 पर्यंत. मग युद्धात चांदी कमी पडली आणि रुपयात निम्मीच चांदी उरली. तीस तोळे वजन आणि रुपयाचा कस, दोन्ही जुळत होतं. 1803 मध्ये हा रुपयाच नव्हता. तेव्हा नागपूरकर भोसल्यांची स्वतःची टाकसाळ होती, इतर संस्थानांचे रुपये चालत होते, आणि प्रत्येकाचा कस वेगळा. अडगावची कथा मोडायला एवढं पुरेसं नाही, योगायोगानंही कस जुळू शकतो. पण तिचं पारडं हलकं झालं. ते थोडं शिसं आणि सोन्याचा अंश मात्र माझ्या मनासारखे निघाले: विजेच्या शुद्धीकरणातून निघालेल्या आजच्या चांदीत ते असे राहत नाहीत. कुणी अलीकडे जुनाट नक्षी काढून विकलेलं भांडं हे नाही.

छाप का नाही, याचं उत्तर खामगावातच मिळालं. विलायतेत चांदीवर सरकारी ठसा सक्तीचा होता, हिंदुस्थानात असा कायदा इंग्रजांनी आणलाच नाही. इथल्या कारागिराची ओळख गिऱ्हाइकाला तोंडी माहीत असायची. आपल्याकडे चांदीच्या हॉलमार्कला एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, जोडला गेला तो 1 सप्टेंबर 2025 पासून, आणि तोही ऐच्छिक. तेव्हा छाप नसणं हा जुन्या देशी चांदीचा दोष नाहीच.

आता कुठला, हा प्रश्न. पेढीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर बसतात. त्यांनी वाडगा हातात घेऊन आधी आतून पाहिला, मग बाहेरून. म्हणाले, "राळ भरून काम केलेलं हाये, बाई. आतून ठोकून उठाव काढला, मग पोटात राळ भरली अन् बाहेरून छिन्नीनं नाकडोळे केले." राळ, विटेची पूड आणि तेल यांचा तो लगदा ठोकताना पत्र्याला आधार देतो. "पण एवढा उठाव आपल्या इकडचा कारागीर काढत नाई. हे बाहेरचं काम." बाहेरचं म्हणजे कुठलं, तर ते हसले. "मी खामगावच्या बाहेर काम केलं नाई, मले काय माहीत?"

मग मोबाइल होताच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा संग्रह घरबसल्या पाहता येतो, आणि रात्री जेवणं आटोपली की मी तेच पाहायची. हळूहळू नजर बसली. कच्छ-भुजचं काम म्हणजे वेलबुट्टीची दाट गर्दी, मोकळी जागा नाही. मद्रासकडचं 'स्वामी' काम म्हणजे कोनाड्या-कोनाड्यात देव, प्रत्येकाच्या हाती आपापलं आयुध. लखनौला ताडाची झाडं आणि शिकारी, काश्मीरला चिनाराची पानं. आमच्या वाडग्याशी कशाचंच जुळेना. मोठे काकाजी धनुष्यवाला राम आणि हरिण म्हणजे मारीच असं पक्कं धरून होते, त्यामुळे मी स्वामी कामात पुन्हापुन्हा शोधत राहिले. पण या रामाच्या डोक्यावर देवळाच्या कळसासारखा उंच निमुळता मुकुट, आणि अंगरख्याच्या कडा खांद्यावर, कमरेवर पंखांसारख्या वर उचललेल्या. असा राम आपल्याकडे कुणी काढत नाही.

सुटका केली ती आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी. पोषण आहाराच्या यादीवर सही घ्यायला आल्या होत्या, वाडगा ओट्यावर वाळत होता. म्हणाल्या, "वहिनी, हे तर भंतेजींच्या पात्रासारखं आहे." विहारात येणाऱ्या भिक्खूंची भिक्षापात्रं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. गोल बूड, फुगीर पोट, आत वळलेली कड. आम्ही इतकी वर्षं त्यात अंबील वाढतो आहोत आणि आकाराकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिथून धागा सरळ ब्रह्मदेशाकडे गेला. भिक्षापात्राचा हा घाट चांदीत घडवायची तिथं मोठी परंपरा, तिथं त्याला थबेइक म्हणतात. कमानीत माणसं, खोल उठाव, जातककथांतले किंवा रामकथेतले प्रसंग, खाली उभ्या पानांची ओळ, बैठक नसलेलं गोल बूड. संग्रहालयाच्या चित्रांत एकामागून एक आमच्या वाडग्याचे भाऊबंद दिसायला लागले. ब्रह्मदेशातही रामकथा आहे, आणि तिथला राम असाच उंच मुकुटाचा. मोठे काकाजी रामाच्या बाबतीत बरोबरच होते, फक्त राम रंगूनकडचा निघाला. धातूचंही जुळलं, कारण 1937 पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखाली होता आणि रुपया तोच चालायचा. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठवण करून दिली की 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशचेच. विदर्भाला तो देश आपण समजतो तितका लांबचा नाही.

पण ब्रह्मदेशातून आमच्या गावात कसा आला? आतल्या बाजूनं कडेखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं आहेत, भांड्यावर नाव घालतात तशी. घासून पुसट झालेली, आणि मोडी लिपीत. तालुक्याला जुनी खरेदीखतं वाचून देणारे एक निवृत्त कारकून आहेत, त्यांच्याकडे पिठूळ खडूनं अक्षरं उठवून फोटो नेला. त्यांनी वाचलं ते नाव आमच्या घराण्यातलं नव्हतंच. आजेसासूबाईंच्या आईचं नाव, त्यांचं सासरचं आडनाव, आणि शके 1853. त्यात 78 मिळवले की 1931. म्हणजे वाडगा आजेसासूबाईंच्या माहेरचा, लग्नात आंदण आलेला, आणि 1931 च्या आधी कधीतरी घडलेला. ठिपके झिजलेल्या जागेवरच पाडलेले दिसतात, त्यामुळे नाव पडलं तेव्हाही तो कोरा नसावा.

अकोटला आजेसासूबाईंची धाकटी बहीण आहे, आम्ही मावशीआजी म्हणतो. कान गेलेत, डोकं शाबूत. ब्रह्मदेश शब्द त्यांच्या कानाशी ओरडून सांगावा लागला. "आमचा मामा होता नं तिकडं! रंगूनले, लाकडाच्या वखारीत. सायबाचा कारकून." मामा पुढे युद्धात परत आले. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि लाखो हिंदी माणसं आसामच्या वाटेनं चालत निघाली, त्यांत तेही. "पाय सुजले होते, अंगावर धड कपडा नव्हता," असं त्यांनी आईकडून ऐकलेलं. तेव्हा वाडगा त्यांनी त्या वेळी आणलेला नाही, हे उघड आहे. तो आधीच्या एखाद्या सुटीत बहिणीला दिलेला. वाडगा पुढे ठेवला तर त्यांनी ओळखला, आणि भलतंच बोलल्या. "जोडी होती. एक तुमच्याइकडं गेला, एक आमच्या घरी. बहात्तरच्या दुष्काळात मोडला." मोडला म्हणजे सराफाला वजनावर दिला, आटवला. त्यावर कसली चित्रं होती, विचारलं. "कोणं पाह्यलं? घासाचं भांडं ते."

यातून एक अडचणही उभी राहिली. अमेरिकेतल्या धाकट्या भाऊजींना वाडगा आपल्या वाट्याला हवा होता. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आमचा वाडगा 1931 च्या आधीचा, किती आधीचा ते सांगणारा कागद नाही. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तज्ज्ञांकडून तपासून देतं, पण आम्हीच एवढे पुरावे गोळा करून ठेवल्यावर तो दाखला मागायचा कोणत्या तोंडानं? भाऊजींनी समजुतीनं घेतलं.

घासण्याची पद्धत मी बदलली. रांगोळी, चिंच, बाजारातली पावडर बंद. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं. ॲल्युमिनियमची चकती आणि सोडा घालून काळं काढायची युक्ती मला येते, पण खळग्यातलं काळं मुद्दाम ठेवलंय. तेच गेलं तर उरलेले डोळेही दिसणार नाहीत. अंबीलही आता त्यात रात्रभर राहत नाही; नैवेद्य झाला की लगेच धुऊन पुसते.

वाटणीत वाडगा आमच्याकडे राहायचा आणि बाकीच्यांना त्याचे पैसे द्यायचे, इथवर आलं आहे. धाकटे काकाजी, जे कालपर्यंत जर्मन सिल्व्हर म्हणत होते, ते आता नुसत्या चांदीच्या भावाला तयार नाहीत. घडाई धरा म्हणतात. घडाई किती धरायची ते विचारायला मी खामगावच्या त्या म्हाताऱ्या कारागिरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी करणारा माणूस शोधा, मग मजुरी सांगतो." काकाजींना हे कळवलं आहे, त्यांचं उत्तर यायचंय.